श्रोत्याचे ऋण

१० सप्टेंबर १९३५ रोजी म्हैसूर शहरातील ‘विठ्ठल विहार’ नावाच्या एका घरातून नभोवाणीचे छोटेसे केंद्र सुरू झाले. घर होते महाराजा कॉलेजात मानसशास्त्र शिकवणाऱ्या प्रा. एम. व्ही. गोपालस्वामी यांचे. प्रक्षेपक यंत्राची शक्ती अवघी तीस वॉट होती. त्या काळातला एखादा विजेचा दिवाही याहून अधिक वीज खात असे. सरकारी नभोवाणीला अजून ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नावसुद्धा मिळाले नव्हते. ते १९३६च्या जूनमध्ये मिळाले. एका अध्यापकाने पदरमोड करून हे केंद्र काही वर्षे चालविले, नगरपालिकेने त्याला हातभार लावला आणि १९४०च्या दशकाच्या आरंभी संस्थान सरकारने ते आपल्याकडे घेतले.

या केंद्राला ‘आकाशवाणी’ हे नाव मिळाले. त्याचे श्रेय बहुधा कन्नड लेखक ना. कस्तुरी यांना दिले जाते. दोन दशकांनंतर साऱ्या देशाच्या नभोवाणीने हेच नाव स्वीकारले आणि ते इतके रूढ झाले की, त्यामागे एक पुराणकल्पना आहे याचाही आपल्याला विसर पडला. भागवतातली आकाशवाणी कोणी ऐकली? कंसाने ऐकली. नवपरिणीत बहिणीला रथातून पोहोचवायला तो निघाला होता. मन प्रसन्न होते, लगाम हाती होते आणि अशा वेळी, कोणीही मागितलेले नसताना, आकाशातून शब्द आले. ते त्याला आवडणारे नव्हते. आकाशवाणी श्रोत्याला विचारून होत नाही, त्याच्या आवडीनिवडीची चौकशी करीत नाही. ज्याने हे नाव सुचविले त्याच्या मनात कदाचित केवळ ‘आकाशातून येणारा आवाज’ एवढाच अर्थ असेल. परंतु शब्द आपल्या पोटात आपल्या कर्त्याला ठाऊक असते त्याहून अधिक काही बाळगून असतात.

दोन वर्षांपूर्वी नोकरीनिमित्त म्हैसूरला राहणाऱ्या माझ्या पुतण्याकडे मी आठ दिवस मुक्कामाला होतो, तेव्हा या शब्दाने मला पुन्हा गाठले. हा तरुण ‘प्रोग्रेसिव्ह रॉक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संगीताचा भक्त आहे. रात्री जेवणे झाली की तो इअरफोन कानांत घालतो आणि दूर कुठल्या तरी देशातून चालणारे, केवळ याच संगीताला वाहिलेले इंटरनेटवरचे रेडिओ केंद्र ऐकत बसतो. मी मिरजेचा, किराणा घराण्याच्या गाण्यावर वाढलेला. मी माझ्या फोनवर माझे अब्दुल करीम खाँ ऐकत बसे. एकाच खोलीत दोन माणसे, दोन्ही ऐकण्यात गढलेली आणि खोली मात्र निःशब्द. त्या शांततेतच मला हा प्रश्न पडला. वरवर पाहता तो क्षुल्लक वाटेल; परंतु तो नैतिक प्रश्न आहे असे मला अजूनही वाटते. ऐकणारा माणूस ज्याचे ऐकतो त्याचे आणि ज्यांच्यासह ऐकतो त्यांचे काही देणे लागतो काय? आणि स्वतः मागितले तेवढेच जो ऐकतो, तो श्रोता राहतो की केवळ ग्राहक होतो?

आपल्या परंपरेने देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण अशी तीन ऋणे सांगितली. त्यांतले ऋषिऋण हे खरे तर ऐकणाऱ्याचेच ऋण आहे. कारण ऋषींपासून जे आले ते कानांवाटे आले. ते फेडायचे कसे, तर अध्ययनाने; म्हणजे पुन्हा मन लावून ऐकण्याने आणि पुढे सांगण्याने. नवविधा भक्तीत श्रवणाला पहिले स्थान आहे आणि वेदान्ताच्या साधनेतही मनन व निदिध्यासन यांच्या आधी श्रवणच येते. ज्ञानेश्वरांनी नवव्या अध्यायाच्या प्रारंभी श्रोत्यांकडे मागितले ते अवधान. ही मागणी किती विलक्षण आहे! देणारा ते, अमृत त्यांच्याकडे, आणि तरीही याचकाच्या भूमिकेत तेच उभे. श्रोत्याकडे देण्यासारखी एक मौल्यवान वस्तू आहे आणि ती त्याने दिली नाही तर वक्त्याचे सारे व्यर्थ आहे, हे यात गृहीत आहे. म्हणजे श्रोता हा निव्वळ घेणारा नाही, ही जाण आपल्याकडे जुनी आहे.

ही देवाणघेवाण जोवर समोरासमोर होती तोवर तिचा हिशेब सोपा होता. मैफलीत दाद देणारा श्रोता तेथल्या तेथे आपले ऋण फेडीत असे. यंत्र आले आणि हिशेब बिघडला. या बदलाची एक खूणही म्हैसूरलाच सापडते. १९०२मध्ये कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीने पहिल्यांदा हिंदुस्थानातले संगीत मुद्रित केले, तेव्हाच्या गायिकांपैकी गौहर जान ही पुढे सर्वांत विख्यात ठरली. तबकडीत जेमतेम तीन मिनिटे मावत. तासभर फुलणारा राग तीन मिनिटांत सांगायचा आणि शेवटी इंग्रजीत आपले नाव पुकारायचे, म्हणजे परदेशातल्या कारखान्यात तबकडी कोणाची हे ओळखता येई. त्या तीन मिनिटांनी तिचा आवाज तिने कधीही न पाहिलेल्या घरांत नेला. आयुष्याच्या अखेरीस, १९२८मध्ये, म्हैसूर दरबाराने तिला आश्रय दिला आणि १७ जानेवारी १९३० रोजी ती म्हैसूरलाच वारली. जिचा आवाज असंख्य अनोळखी कानांनी ऐकला त्या बाईला शेवटी आधार दिला तो एका दरबाराने, म्हणजे समोरासमोर ऐकण्याच्या जुन्या व्यवस्थेने. तबकडीच्या श्रोत्याने पैसे मोजले होते. परंतु ते दुकानदाराला मोजले होते. गाणारी आणि ऐकणारा यांच्यामधला धागा तुटला तो तेथे.

नभोवाणीने हा धागा वेगळ्याच रीतीने पुन्हा जोडला. तबकडी विकत घेतलेली, म्हणून आपली. नभोवाणी कोणाचीच नव्हती. ठरलेल्या घटकेला ठरलेले गाणे होई आणि त्या घटकेला यंत्रासमोर नसलात तर ते गेले. श्रोत्याला संगीताच्या वेळेशी आपली वेळ जुळवून घ्यावी लागे. तो संगीताकडे जाई, संगीत त्याच्याकडे येत नसे. पोस्टात जाऊन रेडिओचा परवाना वर्षाच्या वर्षाला नवा करून घ्यावा लागे, हा त्या ऋणाचा सरकारी भाग झाला. परंतु याहून मोठी गोष्ट अशी की, आपण ऐकतो आहोत त्याच क्षणी दुसऱ्या गावी, दुसऱ्या ओसरीवर, आपल्याला ठाऊक नसलेले कोणी तेच ऐकत आहे हे प्रत्येकाला मनोमन माहीत असे. अदृश्य असली तरी ती मैफलच होती.

या मैफलीत कोणते गाणे व्हावे हे ठरविणार कोण, हा प्रश्न मग उभा राहिला, आणि त्याचे सर्वांत निर्भीड उत्तर देणारा माणूस मराठी होता. पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ ते १९६२ या काळात माहिती व नभोवाणीमंत्री होते. शास्त्रीय संगीताची त्यांना मनापासून आस्था होती. देशाच्या कानाला वळण लावणे हे राज्यसंस्थेचे कर्तव्य आहे, अशी त्यांची धारणा होती. १९५२मध्ये संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. ज्यांना दरबारात किंवा शहरातल्या मैफलीत पाऊल ठेवणे कधी शक्य नव्हते अशा खेड्यापाड्यांतल्या माणसांना थोर गवई घरबसल्या ऐकायला मिळू लागले. हे काम लहान नव्हते. परंतु त्याच सुमारास चित्रपटगीते आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीशी झाली. याचा परिणाम काय झाला हे सर्वश्रुत आहे. लोकांनी यंत्राचा काटा सरकवून सिलोन गाठले. १९५२च्या डिसेंबरमध्ये अमीन सायानी यांची ‘बिनाका गीतमाला’ सिलोनवरून सुरू झाली आणि देशाचा कान दर बुधवारी समुद्रापलीकडे लागू लागला. अखेर १९५७च्या ऑक्टोबरमध्ये आकाशवाणीलाच ‘विविध भारती’ सुरू करावी लागली.

केसकरांची थट्टा करणे सोपे आहे आणि ती पुष्कळांनी केली आहे. मला मात्र त्यांच्या चुकीत एक खरा विचार दडलेला दिसतो. माणसाने केवळ आवडीचेच ऐकू नये, न आवडणाऱ्यातही काही त्याच्या हिताचे असू शकते, हा तो विचार. तो चुकला कोठे? अवधान मागावे लागते. ते वसूल करता येत नाही, हे ते विसरले. ज्ञानेश्वरांनी जे विनवून मागितले ते केसकरांनी आज्ञेने घेऊ पाहिले. ऋण आहे हे खरे. परंतु सावकाराने दांडगाई केली की ऋणको घर सोडून पळतो, आणि येथे तर पळून जायला बोटभर काटा सरकविणे पुरेसे होते.

केसकरांच्या नेमके विरुद्ध टोक पाहायचे तर पुन्हा म्हैसूरलाच यावे लागते. संस्थानचे अखेरचे महाराज जयचामराज वाडियार हे पाश्चात्त्य अभिजात संगीताचे असामान्य जाणकार होते. पियानोवादक होण्याचे त्यांचे स्वप्न होते. १९४०मध्ये गादीवर यावे लागल्याने ते राहून गेले. निकोलाय मेटनर नावाचा एक रशियन रचनाकार त्या काळी लंडनमध्ये, उतारवयात आणि बव्हंशी उपेक्षित असा राहत होता. म्हैसूरच्या राजाला त्याचे संगीत आवडे. १९४०च्या दशकाच्या अखेरीस महाराजांनी पैसा उभा केला आणि मेटनरने स्वतः वाजविलेल्या त्याच्या रचनांच्या तबकड्या निघाल्या. मेटनर १९५१मध्ये वारला. आपली तिसरी पियानो कन्चेर्टो त्याने या दूरच्या श्रोत्यालाच अर्पण केली आहे. २२ मे १९५० रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये रिखार्ड श्ट्राउस याच्या अखेरच्या चार गीतांचा पहिला प्रयोग झाला, त्याचीही आर्थिक हमी महाराजांनी घेतली होती. प्रयोगाला ते हजर नव्हते. त्याचे ध्वनिमुद्रण म्हैसूरला त्यांच्या संग्रहासाठी पाठविण्यात यावे, अशी योजना होती.

या गोष्टीकडे दोन दृष्टींनी पाहता येते. एक, ही राजेशाही लहर होती: प्रजेला ज्याचा गंधही नाही अशा संगीतावर संस्थानाच्या धन्याने खर्च केला. हा आक्षेप खोटा नाही. परंतु दुसऱ्या बाजूने पाहिले तर आपल्या आवडीचा एकही सोबती आसपास नसलेला एक श्रोता येथे दिसतो, आणि जे ऐकायचे त्याची किंमत हा श्रोता केवळ तबकडीच्या दुकानात मोजत नाही. ते संगीत जगावे, जगातल्या इतरांनाही मिळावे अशी तजवीज करतो. शिवाय ऐकून तो थांबला नाही. याच महाराजांनी कर्नाटक संगीतात नव्वदाहून अधिक कृती रचल्या. जे कानांनी घेतले ते वेगळ्या रूपाने, आपल्या भूमीच्या भाषेत, त्यांनी परत केले. ऋण फेडणे म्हणजे घेतलेली वस्तूच परत देणे नव्हे, हे यावरून कळते.

आता माझा पुतण्या राजा नाही. परंतु १९५०च्या राजाला जे एकाकीपण होते तेच त्यालाही होते, आणि राजाजवळ नव्हते असे एक साधन त्याच्याजवळ आहे. ज्या संगीताचा तो भक्त आहे ते १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात प्रामुख्याने इंग्लंडमध्ये उदयाला आले. तीन मिनिटांच्या गाण्याची चौकट त्याने मोडली. १९७२मध्ये निघालेली ‘येस’ या वाद्यवृंदाची ‘क्लोज टू द एज’ ही रचना सुमारे अठरा मिनिटांची आहे. त्याच वर्षीची ‘जेनेसिस’ची ‘सपर्स रेडी’ तर जवळजवळ तेवीस मिनिटे चालते. लाँग प्ले तबकडीच्या एका बाजूला जेवढे मावेल तेवढे एकाच रचनेला द्यायचे, ही त्यांची रीत. व्यापारी रेडिओला हे परवडण्यासारखे नव्हते; तेवीस मिनिटे जाहिरातीविना कोण थांबणार? असे संगीत आणि त्याचे चाहते दोन्ही हळूहळू कडेला पडले. प्रत्येक गावात एखादा, फार तर दोघे.

१९९४च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतील चॅपल हिल येथील विद्यार्थ्यांच्या एका रेडिओ केंद्राने आपले प्रसारण इंटरनेटवरून ऐकविण्यास सुरुवात केली. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५पासून सामान्य माणसाला इंटरनेट मिळू लागले. त्यानंतरच्या काही वर्षांत एखाद्या चाहत्याला आपल्या घरातल्या संगणकावरून केंद्र चालविणे शक्य झाले, आणि गावोगाव विखुरलेले हे एकेकटे श्रोते एका ठिकाणी जमू लागले. म्हैसूरच्या प्राध्यापकाने साठ वर्षांपूर्वी जे केले तेच हे होते: स्वतःचे घर, स्वतःचा खर्च आणि ऐकणारा कोण हे ठाऊक नसताना सोडलेला आवाज.

येथे यंत्राच्या रचनेतला एक भेद ध्यानात घेण्याजोगा आहे. गोपालस्वामींच्या प्रक्षेपकाला श्रोता एक आहे की एक हजार, याने काही फरक पडत नव्हता. लहरी सर्वत्र सारख्याच पसरत. इंटरनेटवर तसे नाही. तेथे प्रत्येक श्रोत्याकडे ध्वनीचा वेगळा प्रवाह पाठवावा लागतो. श्रोता वाढला की खर्च वाढतो, आणि कोण किती वेळ ऐकत आहे याची मोजदादही होते. जुना श्रोता आकाशाखाली बसलेला होता, नवा श्रोता पंगतीत बसलेला आहे. त्याचे पान कोणीतरी मांडलेले असते. म्हणून इंटरनेट रेडिओ ‘फुकट’ आहे असे आपण म्हणतो तेव्हा त्याचा खरा अर्थ एवढाच असतो की, पैसे दुसऱ्या कोणीतरी भरलेले आहेत.

हे ऋण पुढे उघड्यावरही आले. ज्यांचे संगीत वाजते त्यांना मोबदला मिळाला पाहिजे, हे तर न्याय्यच. परंतु अमेरिकेत २००७मध्ये ठरलेले दर इतके चढे होते की, घरगुती केंद्रे बंद पडण्याची वेळ आली. २६ जून २००७ रोजी तेथील अनेक इंटरनेट केंद्रांनी निषेध म्हणून दिवसभर मौन पाळले. पुढे लहान केंद्रांसाठी सवलतीची तडजोड झाली. तीही २०१५अखेर संपली आणि २०१६च्या आरंभी हजारो छोट्या केंद्रांना आसरा देणारी ‘लाइव्ह ३६५’ ही सेवा बंद पडली. ती नव्या मालकीखाली पुन्हा उभी राहिली ती पुढच्या वर्षी. एका बाजूला कलावंताचे घेणे, दुसऱ्या बाजूला कलावंताला ऐकवणाऱ्या चाहत्याची ऐपत आणि मधे ज्याने कधी काही दिलेच नाही असा श्रोता. या तिघांत दोषी कोण हे ठरविणे कठीण. परंतु सर्वांत निश्चिंत कोण होता, हे सांगणे मुळीच कठीण नाही.

एवढे झाल्यावर मी पुतण्याला एक साधा प्रश्न विचारला. सगळी गाणी आज मागताक्षणी मिळतात. हवे ते नाव लिहावे, की ते वाजते. मग दुसऱ्या कोणी निवडलेले ऐकायला हा केंद्राकडे का जातो? त्याचे उत्तर मला फार आवडले. तो म्हणाला, “काका, मी निवडलं की मला माझंच मन ऐकू येतं. तिथं दुसऱ्या कुणाचं तरी ऐकू येतं. आणि मी झोपेन तेव्हा तिकडं कुणाची तरी सकाळ असते, तोही तेच ऐकत असतो.”

माझ्या मते सारा भेद येथे आहे. मागताक्षणी मिळणारे संगीत आणि रेडिओवरचे संगीत हे एकाच फोनमधून, एकाच तारेतून येत असले तरी ऐकण्याच्या या दोन भिन्न रीती आहेत. पहिलीत माझी इच्छा आधी आणि संगीत नंतर. दुसरीत मी माझ्या वेळेचा एक तुकडा दुसऱ्याच्या हाती सोपवतो. पहिलीत मला न आवडणारे पुढे ढकलता येते. आणि गणितच इतके चतुर झाले आहे की, मी पुढे काय ढकलीन हे ओळखून ते माझ्यासमोर येऊच देत नाही. आज्ञा करणारे केसकर गेले आणि त्यांच्या जागी खुशामत करणारा भाट आला. दोघांतही एक साम्य आहे: दोघेही श्रोत्याला अवधान मागत नाहीत. एक ते हिसकावतो, दुसऱ्याला ते नकोच असते. कारण आवडलेलेच पुन्हा ऐकायला अवधान लागत नाही.

यावर एक बळकट आक्षेप घेता येईल आणि तो मी स्वतःच घेतो. चाहत्यांच्या या केंद्रांवर जमणारे सारे एकाच आवडीचे असतात. मग ती मैफल कसली? ती तर आरशांची खोली झाली. अनोळखी माणसाच्या निवडीवर विश्वास टाकला खरा, पण तो अनोळखी माणूस माझ्यासारखाच असेल याची खात्री करून घेतल्यावर. आणि शेजारी बसलेल्या, सख्ख्या काकाच्या खोलीत भरलेल्या किराणा घराण्याचे काय? जगाच्या पलीकडल्या टोकाशी सहश्रवण आणि हाताच्या अंतरावर मौन, याला संगती म्हणावे काय?

या आक्षेपातले अर्धे मी मान्य करतो. अर्धे मान्य करीत नाही, कारण जुन्या सहश्रवणाचे चित्र आपण फार गोड रंगवतो. वाड्यात आणि चाळीत एकाचा रेडिओ दहा घरांना ऐकावा लागे. त्यात आजाऱ्याचे, अभ्यास करणाऱ्या मुलाचे, रात्रपाळी करून दिवसा झोपलेल्या कामगाराचे कोणी विचारीत नसे. न ऐकण्याचाही एक हक्क आहे. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव १९५३पासून भरतो. त्याच्या रात्री पहाटेपर्यंत चालत. ध्वनिप्रदूषणाचे नियम २०००मध्ये आले, रात्री दहाची मर्यादा पाळावी लागली, आणि उत्तररात्रीचे राग त्यांच्या घटकेला मांडवात ऐकणे दुर्मीळ झाले. आम्हा रसिकांना हे झोंबले. परंतु मांडवाबाहेरच्या ज्या माणसाला झोप हवी होती त्याचेही काही देणे आम्ही लागत होतो, हे आम्हाला कायद्याने सांगावे लागले. या दृष्टीने इअरफोन हा एकलकोंडेपणाइतकाच सौजन्याचाही भाग आहे. आमच्या मिरजेच्या घरात संध्याकाळी चार माणसे चार प्रकारचे संगीत ऐकतात आणि कोणाला कोणाचा त्रास नसतो. मला खंत आहे ती त्रास नसल्याची नाही. त्या चौघांपैकी एकालाही दुसरा काय ऐकतो हे वर्षभरात विचारावेसे वाटले नाही, याची आहे. आणि त्या चौघांत मीही आहे.

म्हैसूरच्या वोंटिकोप्पल भागात आठव्या क्रॉसवर गणेशोत्सवात शास्त्रीय संगीताच्या मैफली होतात. १९६०च्या दशकापासून ही प्रथा चालत आली आहे. रस्त्यावरच मांडव पडतो. तिकीट नाही. भाजी घेऊन घरी निघालेला माणूस पिशवी पायाशी ठेवून अर्धा तास उभा राहतो आणि चालू लागतो. तो ऐकायला आलेला नसतो. ऐकू आले म्हणून थांबलेला असतो. कंसाच्या कथेतली आकाशवाणी मला येथे तिच्या सौम्य रूपात दिसते: न मागता आलेला स्वर, आणि थांबायचे की नाही याचे पूर्ण स्वातंत्र्य. केसकरांच्या व्यवस्थेत थांबण्याचा धाक होता, आजच्या यंत्रात थांबण्याचे कारणच उरलेले नाही. या दोहोंच्या मधली ती जागा आहे, आणि ती कोणत्याही माध्यमात निर्माण करता येईल असे मला वाटते. २६ जानेवारी २०१६ रोजी आकाशवाणीने ‘रागम्’ ही केवळ शास्त्रीय संगीताची चोवीस तासांची वाहिनी बंगळूरहून सुरू केली. ती इंटरनेटवरून जगात कोठेही ऐकता येईल अशी योजना होती आणि हिंदुस्थानी व कर्नाटक अशा दोन्ही पद्धतींना तिच्यात स्थान दिले गेले. माझ्यासारख्या मिरजेच्या माणसाने तिच्यावर हिंदुस्थानी गाणे संपताच फोन बंद करायचा की पुढचे कर्नाटक गायन ऐकायचे, हे यंत्र ठरवीत नाही. ते मी ठरवतो. अब्दुल करीम खाँसाहेब म्हैसूर दरबारी गेले तेव्हा त्यांनी कर्नाटक संगीत कान देऊन ऐकले आणि त्याच्या खुणा आपल्या गाण्यात आणल्या, हे आम्ही मिरजकर अभिमानाने सांगतो. त्यांनी ऐकले म्हणून आम्हाला मिळाले. आम्ही मात्र त्यांचेच तेवढे ऐकत राहिलो.

म्हणून श्रोत्याच्या ऋणाबद्दल मी एवढेच म्हणेन. पैशाने फेडण्याचा त्याचा एक भाग आहे आणि जो समर्थ आहे त्याने तो टाळू नये. आपल्यासाठी कोणी पान मांडत असेल तर त्याची विचारपूस करावी. परंतु पैसे देऊनही उरणारा भाग मोठा आहे. आपल्या ऐकण्याचा काही अंश, दिवसातला घटकाभर का होईना, दुसऱ्याच्या निवडीला मोकळा ठेवणे हे ते देणे आहे. ती निवड दूरच्या चाहत्याची असेल, नभोवाणीच्या अधिकाऱ्याची असेल किंवा आपल्याच घरातल्या माणसाची. जे आले ते आवडलेच पाहिजे, असा याचा अर्थ नाही. ते कंटाळवाणे ठरू शकते. पण आपल्याला ते आवडत नाही हे म्हणण्याचा अधिकार शेवटपर्यंत ऐकलेल्यालाच असतो.

म्हैसूरहून निघण्याच्या आदल्या रात्री मी पुतण्याला म्हणालो, “तुझं ते तेवीस मिनिटांचं लाव.” त्याने इअरफोन काढून ठेवला आणि आवाज खोलीत सोडला. मला ते फारसे कळले नाही. मधे एका जागी स्वर विलंबित होत गेले तेथे मी नकळत मान हलविली असावी, कारण तो माझ्याकडे पाहून हसला. संपल्यावर तो म्हणाला, “आता तुमचं.” मी करीम खाँसाहेबांची एक तबकडी लावली. ती तीनच मिनिटांची होती. संपल्यावर त्याने विचारले, “एवढंच?” आणि ही गाणी इतकी आखूड का, हे सांगता सांगता आम्हाला बराच उशीर झाला.